न हलणारा आकडा

विंडोजच्या प्रत्येक संगणकात सिस्टिम३२ या फोल्डरात एसएलएमजीआर.व्हीबीएस नावाची एक फाइल असते. कमांड प्रॉम्प्टवर तिचे नाव लिहून पुढे तिरकी रेघ आणि डीएलव्ही ही अक्षरे टाकली की क्षणभराने एक साधी चौकट उघडते. तिच्यात त्या संगणकाच्या लायसन्सची सगळी हकीकत ओळीखाली ओळ मांडलेली असते. बहुतेक जण त्यातली एकच ओळ वाचतात, लायसन्स आहे की नाही एवढी. ‘नाही’ दिसले की चौकट बंद होते आणि प्रॉडक्ट की पुन्हा टाकून पाहिली जाते. ही घाई मला खटकते. एका इमेजवरून उभे केलेले चाळीस संगणक एकदम ॲक्टिव्हेट व्हायचे नाकारतात, तेव्हा त्या नकाराचे कारण बहुधा याच चौकटीतल्या न वाचलेल्या ओळींमध्ये असते. हा मजकूर सावकाश वाचण्याजोगा आहे. कोणत्या ओळीपाशी थांबायचे आणि कोणते दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहायचे, हे कळले की तो फार सुंदर उलगडतो.

एक बारीकशी सोय आधी सांगतो. ही चौकट उघडी असताना कंट्रोल आणि सी दाबले तर तिच्यातला सगळा मजकूर उचलला जातो आणि नोटपॅडमध्ये ठेवता येतो. चौकटीचे मोबाइलवर फोटो काढून पाठवणाऱ्यांना हे माहीत नसते. आणि कमांडच्या आधी सीस्क्रिप्ट हा शब्द लिहिला तर चौकट येतच नाही, ओळी थेट काळ्या पडद्यावर उतरतात. वाचन गंभीरपणे करायचे तर मजकूर हाताशी हवा, आणि ती व्यवस्था तो लिहिणाऱ्यांनीच करून ठेवली आहे.

इमेजिंगची पद्धत आपल्याकडच्या कॉलेजांना आणि प्रशिक्षण केंद्रांना नवी नाही. एक संगणक मनासारखा तयार करायचा, विंडोज, ऑफिस, कंपायलर, प्रिंटरचे ड्रायव्हर सगळे त्यावर बसवायचे आणि मग त्या डिस्कची हुबेहूब प्रत बाकीच्या संगणकांवर उतरवायची. न्यूझीलंडमध्ये १९९५ साली तयार झालेल्या आणि १९९८ मध्ये सिमॅन्टेकने घेतलेल्या ‘घोस्ट’ या प्रोग्रॅमने ही पद्धत इतकी रुजवली की लॅब असिस्टंट मंडळी ‘घोस्ट मारला’ असे म्हणू लागली. पुढे क्लोनझिला आला, फॉग आला, मायक्रोसॉफ्टची स्वतःची साधने आली. तरी मुळातला पेच तोच राहिला. प्रत हुबेहूब असणे ही इमेजिंगची सारी खुबी आहे, आणि ॲक्टिव्हेशनला हुबेहूबपणाच चालत नाही. त्याला प्रत्येक संगणक वेगळा ओळखू यायला हवा. या दोन मागण्या एकमेकींना जिथे छेदतात, तिथेच हे सगळे बिघाड जन्माला येतात.

विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हा घरगुती ग्राहकांना ॲक्टिव्हेशन सक्तीचे झाले. डिस्क, नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स, मेमरी अशा दहा हार्डवेअर-खुणांवरून संगणकाची ओळख ठरवली जाई. मोठ्या संस्थांना मात्र एक्सपीची व्हॉल्यूम की दिली जाई आणि तिला ॲक्टिव्हेशनच नव्हते. एक की सगळ्या संगणकांवर टाकायची आणि काम संपले. अशी एक की बाहेर फुटली आणि जगभर फिरली. ३० नोव्हेंबर २००६ रोजी व्हिस्टा संस्थांसाठी उपलब्ध झाली ती नवी व्यवस्था घेऊनच. तिच्यात दोन वाटा होत्या, मॅक आणि केएमएस. मॅक म्हणजे ठरावीक वेळा वापरता येणारी की. केएमएस म्हणजे संस्थेच्याच नेटवर्कवर बसवलेला एक होस्ट, जो बाकीच्या संगणकांना ॲक्टिव्हेट करतो. यातली केएमएस ही रचना मला फार आवडते. गुपित फुटण्याची भीती तिने अगदी उलट्या बाजूने सोडवली. क्लायंटवर टाकायच्या कीज मायक्रोसॉफ्टने गुप्त न ठेवता सरळ जाहीर करून टाकल्या. फुटायला काही उरलेच नाही.

याची खूण चौकटीत दिसते. ‘पार्शल प्रॉडक्ट की’ या ओळीत कीची शेवटची पाच अक्षरे असतात. विंडोज १० किंवा ११ प्रोवर तिथे टी८३जीएक्स दिसले, तर ती जाहीर झालेली केएमएस क्लायंट की आहे. संगणक आपल्या संस्थेचा होस्ट शोधतो आहे, इतकाच तिचा अर्थ. ३व्ही६६टी दिसले, तर ती डिजिटल लायसन्ससाठीची सर्वसाधारण की आहे आणि हा संगणक थेट मायक्रोसॉफ्टकडे विचारणा करतो. पाच अक्षरांत संगणकाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते कळते. वरच्या ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत हीच गोष्ट उघड शब्दांत येते. व्हॉल्यूम केएमएस क्लायंट, व्हॉल्यूम मॅक, रिटेल, ओईएम डीएम यांपैकी एक चॅनेल तिथे लिहिलेले असते. इमेज कोणत्या डिस्कवरून तयार झाली, तिच्यात कोणाची की राहिली, हे इथे समजते. लॅबमध्ये ‘केएमएस होस्ट बिघडला’ म्हणून धावपळ चालू असावी आणि क्लायंटच्या चौकटीत ‘रिटेल’ लिहिलेले असावे, असे होते. त्या संगणकाने होस्टकडे कधी पाहिलेलेच नसते. दोन ओळी नीट वाचल्या असत्या तर होस्टला हात लावायची गरज पडली नसती.

आता गाभ्याकडे येऊ. केएमएसच्या क्लायंटजवळ स्वतःची एक खूण असते, तिला क्लायंट मशीन आयडी म्हणतात, लॉगमध्ये सीएमआयडी. होस्ट संगणक मोजतो तो या खुणेवरून. नाव, आयपी पत्ता, नेटवर्क कार्डचा क्रमांक यांपैकी काहीही तो मोजणीला धरत नाही. आणि होस्टची अट अशी, की विंडोजचे क्लायंट ॲक्टिव्हेट करण्याआधी त्याच्याकडे किमान २५ वेगवेगळे संगणक येऊन गेलेले असले पाहिजेत. सर्व्हरसाठी आणि ऑफिससाठी हा आकडा ५ आहे. चाळीस संगणकांच्या लॅबला २५ ची अट म्हणजे काहीच नाही. पण मूळ संगणकाची खूण न पुसता इमेज घेतली असेल, तर चाळीसही संगणक एकच सीएमआयडी घेऊन होस्टकडे जातात. होस्टच्या लेखी एकच संगणक चाळीस वेळा आला. क्लायंटवर सी००४एफ०३८ हा एरर येतो, त्याचा अर्थ होस्टकडची संख्या अपुरी आहे. लॅबमध्ये चाळीस पडदे उजळलेले दिसत असताना हा एरर वाचणाऱ्याला तो खोटा वाटतो. तो अक्षरशः खरा असतो.

त्याचा पुरावा होस्टवरच सापडतो. होस्टवर तीच डीएलव्हीची कमांड चालवली की शेवटी केएमएसचा एक जादा भाग येतो. तिथे दोन ओळी पाहाव्यात. एक ‘करंट काउंट’, म्हणजे सध्या मोजलेले वेगवेगळे संगणक. दुसरी ‘टोटल रिक्वेस्ट्स रिसीव्ह्ड’, म्हणजे आजवर आलेल्या विनंत्या. ॲक्टिव्हेट न झालेला क्लायंट दर दोन तासांनी पुन्हा विचारतो. चाळीस संगणक दिवसभर चालू ठेवले तर विनंत्यांचा आकडा चारशे-ऐंशीने वाढतो. तो वाढताना दिसतो. आणि त्याच्या शेजारचा करंट काउंट एकावर बसलेला असतो, जागचा हलत नाही. नेटवर्क ठीक आहे, फायरवॉल ठीक आहे, १६८८ क्रमांकाचा पोर्ट उघडा आहे, हे सगळे धावणारा आकडा सांगतो. संगणकांना स्वतंत्र ओळख नाही, हे न हलणारा आकडा सांगतो. निदानाची इतकी नेटकी जोडी मी दुसऱ्या कुठल्या प्रशासकीय साधनात पाहिलेली नाही. यातला एकेक आकडा सुटा पाहिला तर मुका आहे. दोन्ही शेजारी वाचले, की शंकेला जागा राहत नाही.

या करंट काउंटबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मोठ्या संस्थेत हा आकडा ५० वर येऊन थांबतो, आणि तो पाहून ‘आपली पन्नास लायसन्स वापरून झाली’ असे अनुमान काढले जाते. होस्ट लायसन्स मोजतच नाही. अटीच्या दुप्पट, म्हणजे क्लायंटसाठी ५० खुणा तो लक्षात ठेवतो, आणि तीस दिवसांत पुन्हा न दिसलेली खूण विसरतो. पाच हजार संगणकांच्या विद्यापीठातही हा आकडा ५० च दाखवेल. संस्था खरोखर संस्था आहे ना, एखाद्याने घरात चार संगणकांसाठी होस्ट बसवलेला नाही ना, एवढीच खात्री त्याला हवी असते. हिशेबाची जबाबदारी करारावर सोडून मोजणीकडून फक्त आवश्यक तेवढेच काम घेतले आहे. हा संयम मला विलक्षण वाटतो.

पंचविसाव्या संगणकाची गोष्ट तर चाखून पाहण्यासारखी आहे. आपल्या पंगतीत पाने भरेपर्यंत वाढपी थांबतात आणि मग पहिल्या पानापासून वाढायला घेतात. इथे चोवीस जण आधी येऊन बसलेले असतात, पण ॲक्टिव्हेशन पहिल्यांदा मिळते ते पंचविसाव्याला. त्याच्या येण्याने संख्या पुरी होते आणि त्याच क्षणी त्याला होकार जातो. आधीच्या चोवीस जणांना कोणी बोलवायला जात नाही. ते आपापल्या दोन तासांच्या फेरीला पुन्हा विचारतात आणि आता उत्तर बदललेले असते. होस्टला कोणाला निरोप धाडायची तजवीज करावी लागत नाही. सारा पुढाकार क्लायंटकडे ठेवल्यामुळे होस्टचे काम इतके हलके झाले आहे, की त्याच्यासाठी वेगळ्या यंत्राचीही गरज भासत नाही. लॅब नव्याने उभी करणाऱ्याने मात्र हे लक्षात ठेवायला हवे. पहिले संगणक ॲक्टिव्हेट झाले नाहीत म्हणून त्यांच्यावर की बदलत बसू नये. उरलेले चालू करावेत आणि दोन तास जाऊ द्यावेत.

अधिक बारकाईने वाचायचे असेल तर होस्टच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘की मॅनेजमेंट सर्व्हिस’ या नावाचा स्वतंत्र लॉग असतो. तिथे प्रत्येक विनंतीमागे १२२९० क्रमांकाची एक नोंद पडते. तिची माहिती स्वल्पविरामांनी तोडलेल्या एका ओळीत असते आणि पहिल्या नजरेला ती निरर्थक आकड्यांची माळ वाटते. तिचे खंड पाडून पाहावेत. सुरुवातीला निकालाचा कोड. मग या क्लायंटला लागणारी किमान संख्या, म्हणजे २५ किंवा ५. तिथेच कळते की विनंती साध्या विंडोजची आहे की सर्व्हर वा ऑफिसची. मग संगणकाचे पूर्ण नाव. मग सीएमआयडी. मग क्लायंटच्या घड्याळातली वेळ. मग हा आभासी संगणक आहे का, याचे शून्य किंवा एक. मग लायसन्सची स्थिती एका अंकात: शून्य म्हणजे लायसन्स नाही, एक म्हणजे आहे, दोन म्हणजे सुरुवातीची सवलत, पाच म्हणजे नुसत्या सूचना दाखवण्याची पायरी. आणि त्यानंतर सध्याची स्थिती संपायला किती मिनिटे उरली, तो आकडा.

ही एक ओळ म्हणजे विनंती करणाऱ्या संगणकाची पूर्ण ओळखपत्रिका आहे. अशा तीन-चार ओळी एकाखाली एक ठेवल्या की क्लोन केलेली लॅब उघडी पडते. तिसऱ्या खंडात नावे बदलत जातात, लॅब०१, लॅब०२, लॅब०३, आणि चौथ्या खंडातली सीएमआयडीची लांबलचक अक्षरमाला ओळीमागून ओळ तीच राहते. नावे बदलण्याचे काम इमेज टाकणाऱ्याने आठवणीने केलेले असते. आतली खूण बदलायची असते, हे त्याला ठाऊक नसते. दोन शेजारच्या खंडांमध्ये त्याच्या कामाचा पुरा झालेला भाग आणि राहून गेलेला भाग असे दोन्ही नोंदवलेले असतात. लॉग लिहिणाऱ्याने हे खंड लागोपाठ ठेवले, याबद्दल मी त्याचा मनापासून ऋणी आहे.

मिनिटांकडेही जरा वळू या, कारण केएमएसची लय त्यांतच आहे. क्लायंटच्या चौकटीत ‘ॲक्टिव्हेशन इंटरव्हल’ १२० मिनिटे, ‘रिन्यूअल इंटरव्हल’ १०,०८० मिनिटे आणि ताज्या ॲक्टिव्हेशनची मुदत २,५९,२०० मिनिटे असे आकडे दिसतात. म्हणजे दोन तास, सात दिवस आणि एकशेऐंशी दिवस. होकार मिळेपर्यंत दर दोन तासांनी विचारायचे. मिळाल्यावर दर सात दिवसांनी तो ताजा करून घ्यायचा. प्रत्येक वेळी तो ताजा झाला की मुदत पुन्हा एकशेऐंशी दिवसांपासून सुरू होते. निरोगी संगणकाची १२२९० ची नोंद म्हणूनच ओळखू येते. तिच्यात स्थितीचा अंक एक असतो आणि मिनिटांचा आकडा २,४९,१२० च्या आसपास असतो, कारण एकशेऐंशींतून सात दिवस गेलेले असतात. तिथे लाखाच्या आतला आकडा दिसला तर तो संगणक कित्येक आठवडे बंद होता किंवा होस्टपासून तुटलेला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुलूपबंद राहिलेल्या लॅबला या रचनेत काही होत नाही, कारण मुदत सहा महिन्यांची आहे. सात दिवसांच्या फेऱ्या पंचवीसेक वेळा चुकल्या तरच संगणक तक्रार करील. शाळा-कॉलेजांच्या वर्षाशी ही सैल लय किती चांगली जुळते!

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही एकाच तत्त्वावर चालतात. प्रतीने मूळ संगणकाची ओळख विसरली पाहिजे. इमेज घेण्याआधी सिसप्रेप हा प्रोग्रॅम ‘जनरलाइज’ या पर्यायासह चालवला, की सीएमआयडी पुसली जाते, ॲक्टिव्हेशनचे घड्याळ मागे जाते, संगणकाचा एसआयडी, म्हणजे विंडोजने त्याला दिलेला सुरक्षा-क्रमांक, जातो, हार्डवेअरच्या नोंदी जातात, आणि प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना स्वतःच्या नव्या खुणा तयार करते. हा राजमार्ग. इमेज आधीच पसरली असेल तर प्रत्येक संगणकावर एसएलएमजीआरला ‘रीआर्म’ सांगायचे, रीस्टार्ट करायचे आणि मग ‘एटीओ’ने ॲक्टिव्हेशनची विनंती पाठवायची. रीआर्मने नवी सीएमआयडी तयार होते. त्यानंतर होस्टवरचा तो जागचा न हलणारा आकडा चढू लागतो. लॅबमध्ये संगणक चाळीस असतानाही तो एक्केचाळीसपर्यंत जाऊ शकतो, हे पाहून पुष्कळ जण गोंधळतात. सगळ्यांची मिळून जी एक जुनी खूण होती, ती होस्टच्या आठवणीत तीस दिवसांपर्यंत राहते, तो हा एक्केचाळिसावा. महिन्याभरात तो आपोआप गळतो.

रीआर्म अमर्याद नाही. विंडोज ७ च्या काळी ते तीनदाच करता येई, आणि सिसप्रेपही त्यातला एक वाटा खात असे. चौथ्या खेपेला सी००४डी३०७ हा एरर येई आणि सांगे, की आता विंडोज नव्याने बसवा. त्यामुळे जुने जाणते लोक इमेज सुधारताना मूळ, कधीही सिसप्रेप न केलेली प्रत बाजूला जपत आणि प्रत्येक सुधारणा तिच्यावर करत. सिसप्रेपला पुरवायच्या उत्तरांच्या फाइलमध्ये ‘स्किप रीआर्म’ नावाची एक सेटिंगही होती. चाचणीच्या वेळी ती लावली तर मोजका साठा खर्ची पडत नसे. पण शेवटच्या, खऱ्या इमेजवर ती चुकून तशीच राहिली तर खुणा पुसल्याच जात नसत, आणि सिसप्रेप करूनही सगळी लॅब एकाच सीएमआयडीने उभी राही. हा या विषयातला सर्वांत कुशल सापळा म्हणावा लागेल, कारण विचारल्यावर उत्तर येते, ‘सिसप्रेप तर केला होता’, आणि ते खरेही असते. विंडोज ८.१ पासून मर्यादा १००१ पर्यंत गेली आणि ही ओढाताण संपली. चौकटीतली ‘रिमेनिंग विंडोज रीआर्म काउंट’ ही ओळ मात्र आजही वाचण्यासारखी आहे. ती इमेजचा पूर्वेतिहास सांगते. १००१ च्या जागी ९९४ दिसले, तर या इमेजवर आधी बरेच हात फिरून गेले आहेत.

सिसप्रेप स्वतःच अडला, तर त्याचा लॉगही असाच मनापासून वाचावा. ‘इन्स्टॉलेशनची खात्री करता आली नाही’ असा मोघम संदेश पडद्यावर येतो. पण सिसप्रेपच्या फोल्डरात पँथर नावाच्या फोल्डरात सेटअपअ‍ॅक्ट लॉग असतो. त्यात नेमके लिहिलेले असते, की अमुक पॅकेज एका यूजरसाठी बसवलेले आहे, सर्वांसाठी नाही, आणि म्हणून ते इमेजमध्ये चालणार नाही. स्टोअरमधल्या एखाद्या ॲपने इमेज तयार करणाऱ्याच्या खात्यात स्वतःला अद्ययावत करून घेतले, की हे घडते. त्या नावाचे पॅकेज काढावे आणि सिसप्रेप पुन्हा चालवावा. सिसप्रेप सुरू असताना नेटची वायर काढून ठेवण्याची जुन्या मंडळींची सवय यातूनच आली आहे, आणि ती अगदी रास्त आहे.

इथे एका उपप्रश्नाचा उल्लेख टाळता येत नाही. ‘एसआयडी एकसारखे असले तरी काही बिघडत नाही’ असे कोणीतरी कधीतरी वाचलेले असते. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये एसआयडी बदलणारा आपला न्यूएसआयडी हा प्रोग्रॅम मागे घेतला तेव्हा हाच मुद्दा मांडला होता. पण सिसप्रेपची गरज संपली असे त्यांनी म्हटले नव्हते. संगणकाची ओळख एकाच जागी नसते. सीएमआयडी निराळी, अपडेट-सर्व्हरकडची खूण निराळी, एसआयडी निराळा. त्यातला एक निरुपद्रवी ठरला म्हणून बाकीचे ठरत नाहीत. आणि २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या एसआयडीची पुनरावृत्ती दिसली तर संगणकांमधली ओळखपडताळणीही नाकारू लागल्या आहेत. जनरलाइज या एका शब्दात हे सारे थर एकदम पुसले जातात.

बाकीचे एरर थोडक्यात सांगता येतील, पण त्यांतही खुबी आहेच. ८००७००७बी हा एरर आला की पडद्यावरचे वाक्य फाइलचे किंवा डिस्कचे नाव चुकल्याचे सांगते. डिस्कशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. क्लायंटला डीएनएसमध्ये होस्टची नोंद सापडलेली नसते. होस्ट ती नोंद स्वतःहून घालतो, आणि क्लायंट ती आपल्या डोमेनमध्ये शोधतो. लॅबचे संगणक डोमेनला जोडलेलेच नसले तर कुठे शोधायचे हेच त्यांना कळत नाही. मग ‘एसकेएमएस’ने होस्टचे नाव हाताने सांगावे लागते. सी००४एफ०७४ म्हणजे होस्टशी बोलणे झाले नाही. तिथे चौकटीत होस्टचे नाव कोणते दिसते ते आधी पाहावे. मूळ संगणकावर कोणी कधीकाळी भलतेच नाव टाकून ठेवले असेल, एखाद्या फुकट ॲक्टिव्हेटरने परक्या सर्व्हरचे नाव रुजवले असेल, तर इमेजबरोबर ते चाळीस ठिकाणी पोचते. अशी इमेज मी दुरुस्त करायला घेणार नाही. ती टाकून द्यावी आणि स्वच्छ डिस्कवरून नवी करावी, कारण त्या ॲक्टिव्हेटरने आत आणखी काय ठेवले असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. सी००४एफ०६सी मात्र साधा आहे. क्लायंटचे घड्याळ चुकले आहे, आणि जुन्या संगणकांत त्याचे कारण बहुधा मदरबोर्डवरची संपलेली बॅटरी असते. लायसन्सची तक्रार घेऊन बसलेल्या माणसाला नाण्याएवढी बॅटरी बदलायला सांगणारा हा एरर मला प्रिय आहे.

मॅकच्या कीबद्दल एवढेच, की तिच्या खात्यात प्रत्येक ॲक्टिव्हेशन खर्ची पडते आणि संगणक पुसला तरी ते परत जमा होत नाही. दर सत्राला इमेज बदलणाऱ्या लॅबसाठी ती वाट नव्हे. विकत घेताना संगणकाबरोबर आलेली ओईएम विंडोज ही आणखी निराळी. विंडोज ८ पासून तिची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, एमएसडीएम नावाच्या तक्त्यात, कायमची कोरलेली असते. इमेज कितीही बदलल्या तरी ती तिथेच राहते. पण ती ज्या आवृत्तीची आहे त्याच आवृत्तीला चालते. होमची की असलेल्या यंत्रावर प्रोची इमेज उतरवली, तर त्या कीचा काही उपयोग होत नाही. आणि कायद्याच्या बाजूने पाहिले तर ओईएमच्या लायसन्सवर इमेज पसरवण्याचा हक्क येत नाही. त्यासाठी संस्थेकडे व्हॉल्यूम करारातले निदान एक लायसन्स आणि त्या कराराची डिस्क हवी. शिवाय व्हॉल्यूम करारातली विंडोज ही फक्त अपग्रेड असते. खाली आधीची पात्र विंडोज असावीच लागते. पडद्यावर ‘लायसन्स्ड’ दिसणे आणि संस्था खरोखर लायसन्सधारक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चौकट पहिलीबद्दलच बोलते.

विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर आधारलेले ॲक्टिव्हेशन आले. त्यात पंचविसाची अट नाही, त्यामुळे सारख्या सीएमआयडीने मोजणी अडण्याचा प्रश्नही नाही. डोमेनला जोडलेला संगणक जोडल्याबरोबर ॲक्टिव्हेट होतो, आणि एकशेऐंशी दिवसांची मुदत तिथेही आहे. नवी लॅब डोमेनमध्ये उभारत असाल तर हाच मार्ग घ्या, असे मी नि:शंकपणे सांगेन. फक्त सिसप्रेप त्यासाठीही करायचा आहे, कारण ओळखीचे बाकीचे थर तसेच आहेत.

ज्या भाषेत एसएलएमजीआर लिहिलेला आहे ती व्हीबीस्क्रिप्ट मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये निवृत्तीच्या यादीत घातली. त्या चौकटीचे पुढे काय होईल ते होवो. तिच्यातला मजकूर मुळात तिचा नाहीच. तो विंडोजच्या आत सॉफ्टवेअर लायसन्सिंग प्रॉडक्ट आणि सॉफ्टवेअर लायसन्सिंग सर्व्हिस या दोन वर्गांमध्ये ठेवलेला आहे, आणि पॉवरशेलमधून तो आजही थेट वाचता येतो. चाळीस संगणकांच्या सीएमआयडी एका आज्ञेत मागवून एकाखाली एक लावता येतात, मग होस्टच्या लॉगची वाट पाहावी लागत नाही. उरलेली मुदतही तिथे मिळते, आणि ती अजूनही मिनिटांतच येते. १४४० ने भागायचे, की दिवस निघतात.